दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

टॉर्चचे दीड व्होल्टचे आठ सेल एकापुढे एक जोडले तर दोन टोकांमध्ये १२ व्होल्टचे विभवांतर मिळते. मोटारगाडीच्या बॅटरीचे विभवांतरही १२ व्होल्टच असते. मग या आठ सेलांवर मोटार सुरू होईल का? हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले 'नाही' असे बरोबर उत्तर देतील. पण 'का नाही?' असे विचारले की 'सेल लहान आहेत', 'ताकद कमी पडते' अशी उत्तरे येतील. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत.

याच प्रश्नाचे दुसरे रूप आपल्याला रस्त्यावर भेटते. पंधरा-वीस वर्षे वापरलेली मोटार आहे. सकाळी किल्ली फिरवली की 'कट्' असा एकच आवाज येतो आणि पुढे सगळे शांत. हेडलाईट लावून पाहावेत तर ते लख्ख लागतात, हॉर्नही वाजतो. शेजारी म्हणतात, "बॅटरी चांगली आहे, सेल्फ गेलाय." गॅरेजमध्ये सांगतात, "बॅटरी बसली, नवीन टाका." नवी बॅटरी येते, महिनाभर गाडी नीट चालते आणि मग एका सकाळी पुन्हा तोच 'कट्'. या सगळ्यात मोजमाप मात्र कोणीच केलेले नसते.

काही शे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर आणि ओहमचा नियम एवढ्या सामग्रीवर यातले बहुतेक दोष शोधता येतात. ते कसे, हे या लेखात पाहू. आम्ही १९९०च्या दशकातली मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवली आहे. अशा गाडीतल्या तारा, फ्यूज आणि जोडण्या डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात, आणि मंडल कागदावर काढता येते. जुन्या ॲम्बॅसडर, फियाट किंवा जीपलाही हेच विवेचन थोड्या फरकाने लागू पडते.

पेटीच्या आत काय असते?

शिसे आणि आम्ल वापरणारा, पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांटे यांनी १८५९ साली तयार केला. मोटारगाडीत त्याला मानाची जागा मिळाली ती १९१२ साली. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर त्या वर्षी कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. त्यापूर्वी बहुतेक गाड्या पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत.

बॅटरीच्या पेटीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटात दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. ऋण पट्टीवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे असते, तर धन पट्टीवर लेड डायऑक्साइडचा लेप असतो. दोन्ही पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. बॅटरी भरताना हीच क्रिया उलट दिशेने घडते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. बॅटरी जसजशी उतरते तसतसे तिच्यातले आम्ल पातळ होत जाते. म्हणजे आम्लाची सापेक्ष घनता मोजली की बॅटरीत किती वीज शिल्लक आहे ते कळते. यासाठी काचेच्या नळीत तरंगणारा हायड्रोमीटर वापरतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ही घनता साधारण १.२६, निम्मी उतरल्यावर १.२० आणि पार उतरल्यावर १.१२ च्या आसपास असते. उष्ण प्रदेशांसाठीच्या बॅटऱ्यांत मुद्दाम थोडे सौम्य आम्ल भरतात, म्हणून बॅटरीवर छापलेला आकडा आधी पाहावा.

घनता आणि विभवांतर यांची सांगड घालणारे एक सोपे सूत्रही आहे. घनतेत ०.८४ मिळवले की एका घटाचे विभवांतर अंदाजे मिळते. १.२६ अधिक ०.८४ म्हणजे २.१० व्होल्ट. असे सहा घट, म्हणून १२.६ व्होल्ट. निम्म्या उतरलेल्या बॅटरीसाठी हेच उत्तर सुमारे १२.२ येते आणि पार उतरलेल्या बॅटरीसाठी ११.८.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत फरक आहे तो एका व्होल्टपेक्षाही कमी! मीटरवर '१२' दिसले की आपण 'बॅटरी ठीक आहे' असे म्हणून मोकळे होतो, प्रत्यक्षात १२.० व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम पाव भाग वीज उरलेली असते. म्हणून दशांश चिन्हानंतरचा आकडा वाचणे आवश्यक आहे. मोजण्याआधी बॅटरीला काही तास विश्रांती हवी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर पट्ट्यांच्या पृष्ठभागाजवळचे आम्ल दाट असते आणि आकडा फुगलेला दिसतो. घाई असेल तर दोन मिनिटे हेडलाईट लावावेत, ते बंद करून थोडे थांबावे आणि मग मोजावे.

विश्रांतीनंतर बरोबर १०.५ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर? १२.६ मधून २.१ वजा केले की १०.५ उरतात. म्हणजे सहापैकी एक घट निकामी झाला असावा. झाकणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटर तो घट नेमका दाखवून देईल. इतर घटांपेक्षा एकाच घटाची घनता ०.०५ किंवा अधिक कमी असणे हे लक्षण वाईट समजतात.

घड्याळाला चालते ते टॉर्चला का चालत नाही?

टॉर्चमध्ये मंद झालेला सेल आपण फेकत नाही. भिंतीवरच्या घड्याळात घालतो आणि तेथे तो पुढे कित्येक महिने काम देतो. कारण घड्याळाला अगदी थोडी विद्युतधारा लागते. सेल जुना झाला की त्याचे विभवांतर थोडे घटते, पण त्याचा अंतर्गत रोध मात्र खूप वाढतो. धारा कमी असेल तोवर हा रोध जाणवत नाही. धारा मोठी मागितली की विभवांतराचा बराचसा भाग सेलच्या आतच खर्च होतो.

आता सुरुवातीच्या आठ सेलांकडे जाऊ. साध्या जस्त-कार्बन सेलचा अंतर्गत रोध अर्धा ओहम धरला तर आठ सेलांचा मिळून ४ ओहम होतो. त्यांची टोके थेट एकमेकांना जोडली तरी १२ भागिले ४, म्हणजे जास्तीत जास्त ३ ॲम्पिअर धारा मिळेल. गाडीच्या दोन हेडलाईटनाच ९ ॲम्पिअर लागतात, कारण ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट, भागिले १२ व्होल्ट. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन फिरवताना सेल्फची मोटर १०० ते १५० ॲम्पिअर धारा ओढते. या धारेपुढे आठ सेलांचा टिकाव लागणार नाही हे उघड आहे.

मोटारीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध मात्र ओहमच्या हजारांशांत, म्हणजे मिलिओहममध्ये असतो. उदाहरणासाठी तो १२ मिलिओहम धरू. १५० ॲम्पिअर धारा वाहताना आतल्या आत १५० गुणिले ०.०१२, म्हणजे १.८ व्होल्ट खर्च होतील आणि बॅटरीच्या टोकांवर १०.८ व्होल्ट उरतील. निरोगी बॅटरीचे हेच लक्षण आहे. इंजिन फिरत असताना तिचे विभवांतर १० व्होल्टच्या आसपास किंवा त्यावर राहते. भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर तिच्याविषयी शंका घ्यावी.

म्हणजे विश्रांतीच्या वेळचे विभवांतर बॅटरीत किती वीज भरली आहे ते सांगते, आणि भार असतानाचे विभवांतर ती वीज किती वेगाने देता येते ते सांगते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दिवे लख्ख लागल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

सांध्यातला रोध

बॅटरी निरोगी असूनही गाडी सुरू न होण्याचे एक फार सामान्य कारण म्हणजे खराब सांधा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली आपण पाहिली असेल. ती आम्लाच्या वाफा आणि धातू यांच्या क्रियेतून झालेल्या क्षारांची असते. ती विजेची वाहक म्हणून वाईटच. कधी पूड दिसत नाही, पण टर्मिनल आणि केबलची पकड यांच्यामध्ये काळपट थर असतो.

अशा सांध्यामुळे मंडलात ५० मिलिओहम रोध वाढला असे समजू. ५० मिलिओहम म्हणजे ओहमचा विसावा भाग. साध्या मल्टीमीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर हा रोध मोजताच येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध याहून जास्त असतो. आता हेडलाईट लावा. ९ ॲम्पिअर गुणिले ०.०५ ओहम, म्हणजे सांध्यावर ०.४५ व्होल्ट जातील. दिव्याच्या प्रकाशातला फरक डोळ्यांना कळणारसुद्धा नाही.

मग किल्ली फिरवा. सोयीसाठी सेल्फची मोटर आणि केबल मिळून ७२ मिलिओहमचा साधा रोध मानू. बॅटरीचे १२ मिळवले की एकूण ८४ मिलिओहम होतात. १२.६ व्होल्टला १५० ॲम्पिअर धारा मिळाली ती याच हिशेबाने. सांध्याचे ५० मिळवल्यावर एकूण रोध १३४ मिलिओहम होतो आणि धारा उतरून सुमारे ९४ ॲम्पिअरवर येते. आता १२.६ व्होल्टची वाटणी अशी होते : बॅटरीच्या आत १.१, सांध्यावर ४.७ आणि सेल्फच्या वाट्याला फक्त ६.८. पूर्वी याच सेल्फला १०.८ व्होल्ट मिळत होते. इंजिन फिरणार कसे?

याच वेळी त्या इवल्याशा सांध्यात ९४ गुणिले ४.७, म्हणजे सुमारे ४४० वॉट उष्णता निर्माण होत असते. म्हणून दोन-तीनदा किल्ली फिरवल्यावर एखादा सांधा हाताला गरम लागला तर दोष तेथेच आहे असे खुशाल समजावे. हात जपूनच लावावा.

नव्या बॅटरीने गाडी काही दिवस का चालते तेही आता लक्षात येईल. बॅटरी बदलताना टर्मिनल सोडली जातात, खरवडली जातात, पुन्हा घट्ट बसवली जातात. बरे वाटले ते या साफसफाईने. श्रेय मात्र नव्या बॅटरीला मिळते, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचा, इंजिनाजवळचा सैल सांधा तसाच राहतो.

दोष कोठे आहे हे मीटरला विचारू

रोध मोजता येत नसला तरी त्याच्यावर खर्च होणारे विभवांतर सहज मोजता येते. अट एकच, मोठी धारा वाहत असली पाहिजे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलला वीज पुरवणारी तार काढून ठेवावी. मल्टीमीटर दिष्ट विभवांतराच्या २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवावा. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर पाहायचा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन वेळांमध्ये मोटरला थंड होऊ द्यावे.

मीटरच्या दोन्ही टाचण्या प्रथम बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलांवरच टेकवाव्यात, केबलच्या पकडीवर नव्हे. सेल्फ मारताना तीन प्रकारचे आकडे दिसू शकतात.

आकडा १२.५ वर जवळपास स्थिर राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर मोठी धारा वाहतच नाही. बॅटरीची परीक्षा अजून झालेलीच नाही. मंडल कोठे तरी तुटले आहे : केबल, सोलेनॉइडचे संपर्कबिंदू, सेल्फचे कार्बन किंवा किल्लीकडून येणारी बारीक तार.

आकडा ११ च्या आसपास राहिला, पण इंजिन रेंगाळत फिरले, तर बॅटरी आपले काम करते आहे. विभवांतर वाटेत हरवते आहे.

आकडा ७-८ पर्यंत कोसळला, तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे, नाहीतर सेल्फ अडकून अवाच्या सवा धारा ओढतो आहे. बॅटरी पूर्ण भरून पुन्हा तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

दुसऱ्या प्रकारात हरवलेले विभवांतर शोधायचे तर टाचण्या टप्प्याटप्प्याने हलवाव्यात. एक टाचणी ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारावा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग धन टर्मिनल आणि सेल्फचा जाड तारेचा बोल्ट यांच्यामध्ये मोजावे. तेथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जेथे आकडा मोठा येईल तो भाग निम्मा करावा : टर्मिनल ते पकड, पकड ते केबलचे दुसरे टोक, केबल ते गाडीचा सांगाडा, सांगाडा ते इंजिन. चार-पाच मोजमापांत गुन्हेगार सापडतो. जुन्या गाड्यांत इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी गंजलेली आढळणे फार सामान्य आहे. इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते, म्हणून या पट्टीशिवाय सेल्फच्या धारेला परतीची चांगली वाट नसते.

भरणारे यंत्र

एकदा गाडी सुरू करायला बॅटरीतली किती वीज लागते? १५० ॲम्पिअर धारा ३ सेकंद वाहिली असे धरू. ४५० कूलोम झाले. १० ॲम्पिअरने बॅटरी भरली तर ही भरपाई मिनिटाभरात होते. उलट, हेडलाईट तासभर चालू राहिले तर ९ ॲम्पिअर-तास, म्हणजे ३२,४०० कूलोम वीज जाते. तेवढ्यात ७२ वेळा गाडी सुरू झाली असती. म्हणून वारंवार सेल्फ मारण्याने नव्हे, तर भरपाई न झाल्याने किंवा नकळत चाललेल्या गळतीने बॅटरी उतरते.

भरपाईचे काम फार जुन्या गाड्यांत डायनामो करीत असे. त्यात कार्बन आणि दिक्परिवर्तक यांच्याकरवी दिष्ट धारा मिळे, पण इंजिन मंद चालत असताना तिचा जोर कमी पडे. नंतर आलेल्या अल्टरनेटरमध्ये विद्युतचुंबक फिरतो आणि तारांची वेटोळी स्थिर असतात. वेटोळ्यांत निर्माण होणारी प्रत्यावर्ती धारा सहा डायोड दिष्ट करतात. विद्युतचुंबकाला मिळणारी धारा कमी-जास्त करून नियामक विभवांतर आवरतो. या नियामकाला गॅरेजमध्ये सर्रास 'कट-आऊट' म्हणतात.

तपासणीची सुरुवात पट्ट्यापासून करावी. अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. ही तपासणी इंजिन बंद असतानाच करावी. पट्टा सैल असेल तर तो घसरतो, किंचाळतो आणि भरपाई अर्धवट होते.

मग गाडी सुरू करून इंजिनाचा वेग थोडा वाढवावा आणि बॅटरीच्या टर्मिनलांवर मोजावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर ठीक. १२.५ किंवा त्याहून कमी असेल तर भरपाई होतच नाही. १५ च्या वर गेला तर नियामक बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतल्या पाण्याचे विघटन होऊन सहाही घटांतली पातळी भराभर घटते. 'महिन्याला पाणी घालावे लागते' ही तक्रार बॅटरीची नव्हे, नियामकाची असू शकते. त्यानंतर हेडलाईट, वायपर आणि पंखा लावून पुन्हा मोजावे. आकडा १३.३ च्या खाली जाऊ नये. गेला, तर अल्टरनेटरच्या स्वतःच्या बोल्टवर मोजावे. तेथे १४.३ आणि बॅटरीवर १३ असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे. मधली तार १.३ व्होल्ट खाते आहे.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा कसा चालतो, हे बारावीच्या विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे. या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. किल्ली फिरवली, पण इंजिन बंद आहे, तेव्हा अल्टरनेटरकडचे टोक जवळपास शून्य व्होल्टवर असते, दिवा लागतो. दिव्यातून जाणारी ही थोडीशी धाराच विद्युतचुंबकाला सुरुवातीचे चुंबकत्व देते. इंजिन सुरू झाले की ते टोकही बॅटरीइतक्याच विभवाला येते. दोन्ही टोके समान, म्हणून धारा शून्य आणि दिवा विझतो. व्हीटस्टन सेतूच्या समतोलाचाच हा प्रकार. यावरून दोन अनुमाने निघतात. इंजिन चालू असताना दिवा मिणमिणत असेल तर दोन टोकांत काही व्होल्टचा फरक आहे : डायोड किंवा सांधा पाहावा. आणि इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर आनंद मानू नये. दिवाच जळाला असेल तर अनेक गाड्यांत अल्टरनेटर भरायला सुरुवातच करीत नाही.

डायोड निकामी झाल्याची परीक्षाही मीटरवर होते. इंजिन आणि हेडलाईट चालू ठेवून बॅटरीवर प्रत्यावर्ती विभवांतर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आल्यास डायोडवर संशय घ्यावा. काही स्वस्त मीटर दिष्ट विभवांतरालाही प्रत्यावर्ती समजून २०-२५ असा भलता आकडा दाखवतात. म्हणून इंजिन बंद असताना आधी मोजून पाहावे. शून्य आले नाही तर तो मीटर या कामाचा नाही.

येथे एका घातक सवयीविषयी बोललेच पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी चालू राहिली तर 'चार्जिंग ठीक आहे' असे ठरवायचे, ही पद्धत अजूनही दिसते. बॅटरी म्हणजे विभवांतरातले धक्के सोसून घेणारी गादी आहे. ती अचानक काढली तर अल्टरनेटरचे विभवांतर क्षणभर कितीतरी पटींनी उसळते आणि डायोड, नियामक, इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. जेथे मीटर टेकवून हेच कळते, तेथे हा जुगार कशाला?

रात्रीची गळती

संध्याकाळी चांगली चाललेली गाडी तीन दिवसांनी मेलेली सापडते. या वेळी बॅटरी आणि भरपाई दोन्ही ठीक असतात. कोठे तरी वीज गळत असते. डिकीतला पाच-सहा वॉटचा दिवा विझत नसेल तर अर्धा ॲम्पिअर धारा जाते. ३५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांत रिकामी होते. घड्याळ आणि रेडिओ यांची मिळून ३० मिलिॲम्पिअर धारा असेल तर त्याच बॅटरीला दीड महिना लागतो. जुन्या साध्या गाडीत सगळे बंद असताना धारा ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावी.

मोजण्यासाठी ऋण टर्मिनल सोडून ते आणि केबल यांच्यामध्ये आधी इंडिकेटरचा बल्ब जोडावा. तो लख्ख लागला तर गळती मोठी आहे आणि मीटर लावणे धोक्याचे. बल्ब लागला नाही तर त्या जागी मीटर १० ॲम्पिअरच्या पट्ट्यावर जोडावा. मीटर जोडलेला असताना किल्ली मुळीच फिरवू नये. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा एकदम उतरेल त्या मंडलात गळती आहे. सगळे फ्यूज काढूनही धारा वाहत राहिली तर अल्टरनेटर उरतो. बॅटरीचे टर्मिनल सुटलेले ठेवून अल्टरनेटरची जाड तार काढावी, तिचे मोकळे टोक इन्सुलेशन पट्टीने झाकावे आणि पुन्हा मोजावे. आता धारा थांबली तर त्याचा एखादा डायोड उलट दिशेने गळतो आहे.

बॅटरी खरोखरच म्हातारी झाली असेल तर

बॅटरीचे आयुष्य संपते ते मुख्यतः तीन कारणांनी. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे आणि कठीण होतात. ते पुन्हा विरघळत नाहीत. दुसरे, धन पट्टीची जाळी हळूहळू गंजते. तिसरे, लेप सुटून तळाशी साचतो. उष्णतेने यातल्या गंजण्याचा वेग फार वाढतो. दर १० अंश सेल्सिअसला रासायनिक क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो हा ठोकताळा येथेही लावतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी झिजते आणि डिसेंबरच्या थंड सकाळी, तेल घट्ट होऊन इंजिन जड झाल्यावर, ती झीज उघडी पडते. दोष मात्र थंडीला दिला जातो.

म्हणून उतरलेली बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर सावकाश भरावी. धारा क्षमतेच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासाला साडेतीन ॲम्पिअर असावी. पूर्ण भरून, रात्रभर विश्रांती देऊनही ती १२.४ च्या खाली राहत असेल, किंवा चांगल्या सेल्फच्या भाराखाली कोसळत असेल, तरच तिला निरोप द्यावा.

हे करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. भरताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. जवळ विडी, काडी, ज्योत नको. खोली हवेशीर हवी. हातातली अंगठी आणि धातूचा पट्टा काढून ठेवावा. डोळ्यांवर चष्मा हवा. सांगाड्याला जोडलेले, बहुतेक गाड्यांत ऋण, टर्मिनल आधी काढावे आणि शेवटी लावावे. म्हणजे पाना सांगाड्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पण ते पाणी घटात जाऊ देऊ नये. घटात भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

गरज नसताना बॅटरी बदलण्यात केवळ पैसे जातात असे नाही. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ते वितळवून पुन्हा वापरता येते ही चांगली गोष्ट, पण उघड्यावरच्या भट्ट्यांत हे काम झाले तर शिशाचे कण माती, पाणी आणि घरांत पसरतात. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आहे, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत अशा बॅटऱ्यांचे बेकायदा पुनर्चक्रण आहे. भारतात २००१ पासून जुन्या बॅटऱ्यांबद्दल नियम आहेत आणि २०२२ साली नवे नियम लागू झाले. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडेच परत करावी.

वर्गात करून पाहण्यासाठी

गाडीची बॅटरी वर्गात आणण्याची गरज नाही, आणूही नये. दोन नवे सेल, घड्याळातून काढलेले दोन जुने सेल, टॉर्चचा बल्ब आणि मल्टीमीटर एवढे पुरे.

१. नव्या सेलांच्या जोडीचे विभवांतर बल्ब न लावता मोजा. मग बल्ब लावून विभवांतर आणि धारा दोन्ही मोजा. विभवांतरातली घट भागिले धारा, हा अंतर्गत रोध. जुन्या जोडीसाठी हेच करा. विश्रांतीच्या आकड्यांत किती फरक आहे आणि रोधात किती?

२. बल्बच्या मंडलात शिसपेन्सिलीतली कांडी एकसरीत जोडा. हा आपला 'गंजलेला सांधा'. बल्ब पेटलेला असताना सेलांवर, कांडीवर आणि बल्बवर विभवांतर मोजा. शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याइतकी येते का?

३. आता बल्ब काढून घ्या, म्हणजे मंडल तुटेल. कांडीच्या दोन टोकांवर पुन्हा मोजा. कांडी तीच आहे, तिचा रोधही तोच आहे. मग आकडा शून्य का आला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला नीट देता येईल, त्याला दिवे लख्ख लागूनही गाडी का सुरू होत नाही हे समजावून सांगावे लागणार नाही.